ज्ञानमंदिरांतील दिवसाचा उजेड

मुंबईच्या विद्यापीठातील राजाबाई टॉवरसंबंधी एक आख्यायिका जैन घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातुश्री राजाबाई वृद्धापकाळी दृष्टिहीन झाल्या होत्या. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता. परंतु सूर्य कलला की नाही हे त्यांना दिसत नसे. मनोऱ्यातील घड्याळाचे टोल ऐकून त्यांना वेळ कळावी आणि कोणाला विचारावे न लागता आपला नियम पाळता यावा, म्हणून पुत्राने हा मनोरा उभारला, असे ही कथा सांगते. आख्यायिका ही इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावयाची वस्तू नव्हे. मात्र या कथेत एक मर्म दडलेले आहे. ज्या घरात दिवसाच्या उजेडाला व्रताचे स्थान होते, त्याच घराच्या दानातून या देशातील एका आद्य विद्यापीठाचे ग्रंथालय उभे राहिले, आणि ते ग्रंथालय दिवसाच्या उजेडावरच चालावे अशा बेताने बांधले गेले.

आज 'पर्यावरणपूरक वास्तू', 'हरित इमारत' हे शब्द सर्वतोमुखी झाले आहेत. महाविद्यालय वा विद्यापीठ बांधताना वीज किती वाचेल, सूर्यप्रकाश किती आत येईल याचे गणित मांडले जाते. हा विचार परदेशातून अलीकडे आला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जैन श्रेष्ठींच्या उदारतेतून वा पुढाकारातून उभ्या राहिलेल्या तीन विद्यावास्तूंचा इतिहास पाहिला, तर या विचाराची मुळे आपल्याच अंगणात किती खोल गेली आहेत याची प्रचीती येते. एक वास्तू मुंबईत आहे, दोन अहमदाबादेत.

उजेड आणि अहिंसा

जैन आचारात दिवसाच्या उजेडाला जे महत्त्व आहे, ते केवळ सोयीचे नाही. रात्री दिवा लावला की त्याच्याकडे कीटक झेपावतात आणि प्राणास मुकतात. अंधारात अन्नातील सूक्ष्म जीव दिसत नाहीत. रात्रिभोजनत्यागाचा नियम या जीवदयेतून आला. साधू-साध्वींचे वाचन, लेखन, आहार, विहार हे सारे सूर्याच्या साक्षीने चालते. साहजिकच जुन्या उपाश्रयांच्या बांधणीत खिडकी, चौक आणि ओसरी यांना मोठे स्थान मिळाले. दिवा न लावता दिवसभर स्वाध्याय करता यावा, ही त्या वास्तूंची पहिली गरज होती.

याच परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. वाचणाऱ्याला उजेड हवा, पण ग्रंथाला तो सोसत नाही. प्रखर प्रकाशाने शाई फिकी पडते, रंग उडतात. उष्णतेने ताडपत्र ठिसूळ होते, आर्द्रतेने कागदाला बुरशी लागते. म्हणूनच जैसलमेरच्या किल्ल्यातील ज्ञानभांडार तळघरात ठेवले गेले. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, पावसाळ्याची ओल ओसरल्यावर भांडारातील पोथ्या बाहेर काढाव्यात, त्यांची झाडपूस करावी, वेष्टने बदलावीत आणि मग त्या पुन्हा जागी ठेवाव्यात, ही प्रथा पूजेइतकीच संरक्षणाची होती. वाचकाला उजेड आणि ग्रंथाला सावली, हा पेच आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके हाताळला होता. पुढे विद्यापीठीय इमारतींच्या शिल्पकारांपुढे हाच पेच उभा राहणार होता.

प्रेमचंद रायचंद यांचे दान

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. परंतु आरंभीची अनेक वर्षे त्याला स्वतःची वास्तू नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. या तेजीच्या लाटेवर जे व्यापारी आरूढ झाले, त्यांत मूळचे सुरतेचे प्रेमचंद रायचंद हे अग्रणी होते. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये देऊ केले. त्याच वर्षी आणखी दोन लक्ष रुपये मनोऱ्यासाठी दिले आणि त्या मनोऱ्याला आपल्या मातेचे नाव द्यावे अशी इच्छा व्यक्त केली.

पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार आपटला आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांचे वैभवही त्या वादळात हरपले. जे तिजोरीत होते ते गेले. जे विद्येला दिले होते तेवढे मात्र अभंग राहिले. दानाच्या महिम्याचे याहून बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात विरळाच सापडेल.

इमारतीची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. खर्च सुमारे साडेपाच लक्ष रुपये आला. आराखडा लंडनचे विख्यात वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा होता. स्कॉट यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, आणि आपली ही कृती पूर्ण झालेली पाहणेही त्यांच्या नशिबी नव्हते. मार्च १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा त्यांच्या कल्पनेनुसार उभा राहिला आणि समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना तो दुरून दिसू लागला.

ही इमारत बांधली गेली तेव्हा मुंबईत विजेचे दिवे नव्हते. वाचनालय चालवावयाचे तर सूर्यावर विसंबणे भाग होते. पुस्तकांच्या सान्निध्यात उघड्या ज्योतीचा दिवा हा सदैव धोकाच. त्यामुळे इमारत लांबट व अरुंद ठेवली गेली. खोली जितकी रुंद, तितका तिचा मध्यभाग अंधारा, हे साधे सूत्र त्यामागे आहे. खिडकीच्या माथ्याची जमिनीपासूनची जेवढी उंची, साधारण तिच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच उपयुक्त उजेड आत पोहोचतो. म्हणून छत उंच आणि खिडक्याही उंच. टोकदार कमानींच्या या खिडक्या केवळ गॉथिक शैलीची हौस नव्हेत. त्यांचा उंच माथा उजेडाला खोलीच्या अंतरंगापर्यंत नेतो.

परंतु स्कॉट यांची शैली जन्मली होती उत्तर युरोपात, जिथे आकाश ढगाळ आणि ऊन दुर्मीळ. मुंबईचा सूर्य वेगळा. जून महिन्यात तो माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकलेला असतो, तर डिसेंबरात दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो. पश्चिमेचे उतरते ऊन तर थेट डोळ्यांत शिरते. यावर उपाय म्हणून कमानींच्या ओसऱ्या आल्या, आणि खिडक्यांत रंगीत काचा आल्या. वाचनकक्षात पडणारा प्रकाश या काचांतून गाळून, मवाळ होऊन येतो. आत बसलेल्या विद्यार्थ्याला झळ लागत नाही आणि अक्षर मात्र दिसते. कित्येक पिढ्यांच्या पदवीधरांनी या उजेडात परीक्षांचा अभ्यास केला.

हस्तलिखितांचे घर

दुसरी वास्तू अहमदाबादची. शेठ कस्तुरभाई लालभाई (१८९४–१९८०) हे नाव जैन समाजाला अपरिचित नाही. गिरणीमालक म्हणून त्यांची कीर्ती होतीच. आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी दीर्घकाळ तीर्थसेवा केली आणि राणकपूर, देलवाडा येथील मंदिरांचे जीर्णोद्धार घडवून आणले. १९३५ मध्ये अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा अमृतलाल हरगोविंददास आणि ग. वा. उर्फ दादासाहेब मावळणकर हे त्यांचे सहकारी होते. हेच मावळणकर पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. एक जैन श्रेष्ठी आणि एक मराठी भाषक वकील यांनी एकत्र येऊन अहमदाबादच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला, हे महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

मुनिश्री पुण्यविजयजी यांनी पाटण, जैसलमेर, खंभात येथील भांडारे पायी हिंडून तपासली, पोथ्यांच्या सूची केल्या आणि अगणित ग्रंथ नाशापासून वाचविले. त्यांच्या प्रेरणेने कस्तुरभाईंनी १९५६ मध्ये लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराची स्थापना केली. पंडित दलसुखभाई मालवणिया यांनी संचालक म्हणून या संस्थेला विद्वत्तेचे अधिष्ठान दिले. आज तिथे सुमारे ७५,००० हस्तलिखिते आहेत.

गुजरात युनिव्हर्सिटीच्या शेजारी या संस्थेची इमारत उभारण्याचे काम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे आले. दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकून ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात गेले आणि त्यांच्याच अहमदाबादेतील कामांवर देखरेख करण्यासाठी परतले, ते तिथेच स्थायिक झाले.

पोथ्यांना अंधार आणि स्थिर तापमान हवे, संशोधकाला उजेड हवा, या जुन्या पेचाला दोशींनी जुनेच उत्तर नव्या सामग्रीत दिले. जुन्या उपाश्रयांची रचना त्यांनी अभ्यासली होती. ग्रंथसंग्रह अर्धवट जमिनीखाली गेलेल्या मजल्यात ठेवला. माती ही उष्णतेचे चढउतार सावकाश होऊ देते. वैशाखातील दुपारीही भुईच्या पोटात गारवा टिकतो. त्यावरच्या मजल्यावर, चौथऱ्यावर चढून जावे तशा पायऱ्यांनी, अभ्यासकांची जागा. बाहेरच्या बाजूस खोल सज्जे आणि ओसऱ्या, त्यामुळे भिंतीवर ऊन पडत नाही, उजेड मात्र पोहोचतो. जैसलमेरचे तळघर आणि उपाश्रयाची ओसरी ही जणू एकाच वास्तूत एकावर एक येऊन बसली. १९६२ च्या सुमारास काँक्रीटमध्ये आकारलेली ही रचना पाहणाऱ्याला आधुनिक दिसते, पण तिचा गाभा भांडाराचाच आहे.

याच काळात, १९६२ मध्ये, अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने वास्तुकला विद्यालय सुरू केले. दोशी त्याचे संस्थापक-संचालक झाले. त्या विद्यालयाची इमारतही त्यांनीच रचली. समांतर विटांच्या भिंती, अनेक ठिकाणी दारेच नाहीत, आणि वरून उतरत्या काचेतून येणारा उत्तरेचा प्रकाश. उत्तरेचा प्रकाश म्हणजे थेट ऊन नव्हे, तर आकाशाचा उजेड. तो दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो आणि चित्रफलकावर हाताची गडद सावली पाडत नाही. चित्रकारांना आणि गिरणीतील कारागिरांना त्याचे मोल पूर्वीपासून ठाऊक होते. हेच विद्यालय पुढे वाढत जाऊन २००५ साली सेप्ट विद्यापीठ झाले. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हा सन्मान लाभलेले ते पहिले भारतीय होत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

विटांतून उमललेला प्रकाश

तिसरी वास्तू म्हणजे अहमदाबादची भारतीय प्रबंध संस्था. डिसेंबर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेमागे केंद्र व राज्य शासन, फोर्ड प्रतिष्ठान आणि स्थानिक उद्योगजगत यांचे सहकार्य होते. त्यात कस्तुरभाई लालभाई आणि डॉ. विक्रम साराभाई यांचा पुढाकार निर्णायक ठरला. साराभाईंचे घराणेही अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यांपैकीच. इमारतीसाठी दोशींचे नाव पुढे आले असता त्यांनी स्वतः मागे राहून अमेरिकेतील वास्तुशिल्पी लुई कान यांना पाचारण करण्याचा आग्रह धरला. चालून आलेले काम अधिक योग्य हातांत सोपविण्याची ही निरहंकारी वृत्ती विरळाच म्हणावी लागेल.

कान १९६२ मध्ये अहमदाबादेत आले. प्रकाश हाच त्यांच्या चिंतनाचा विषय होता. ज्या दालनात दिवसाचा उजेड येत नाही त्याला ते दालन म्हणावयास तयार नसत. पण अहमदाबादेत अडचण उजेडाच्या टंचाईची नव्हती, अतिरेकाची होती. उघड्या आकाशाखाली भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लक्ष लक्स इतका प्रकाश पडतो. वाचनाच्या मेजावर तीनशे ते पाचशे लक्स पुरतात. म्हणजे आलेल्यातला जेमतेम दोनशेवा हिस्सा घ्यावयाचा आणि उरलेला, त्याच्या उष्णतेसह, बाहेर थोपवावयाचा. कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असलेल्या या शहरात जूनमध्ये सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेला साडेत्रेचाळीस अंशांपर्यंत खाली उतरतो. उभ्या भिंतीतील उघडी खिडकी हिवाळ्यात ऊन आत घेते, आणि पूर्व-पश्चिमेची खिडकी तर वर्षभर डोळे दिपविते.

कान यांनी उत्तर दिले ते स्थानिक विटेत. बाहेर एक जाड भिंत, तिला भव्य वर्तुळाकार वा कमानदार भोके. मधे खोल ओसरी. आणि तिच्याआड खरी खोली. ऊन पहिल्या भिंतीपाशी अडते, ओसरीच्या फरशीवर व विटांवर आपटून त्याची धग कमी होते आणि परावर्तित, शांत उजेड तेवढा आत जातो. कमानींचा बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा काँक्रीटच्या आडव्या पट्टीने पेलला आहे, म्हणून भोके इतकी रुंद ठेवता आली. वर्ग, ग्रंथालय आणि अध्यापकांच्या खोल्या मधल्या मोकळ्या चौकाभोवती, आणि पलीकडे अठरा छात्रालये. छात्रालयांच्या मधल्या सावल्यांत, जिन्यांच्या वळणांवर विद्यार्थी थांबावेत, बोलावेत, वाद घालावेत, अशी योजना होती. शिक्षण वर्गाबाहेरही घडते, ही जाणीव त्यात आहे.

१७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्थानकावर कान यांना हृदयविकाराचा झटका आला व त्यात त्यांचा अंत झाला. उरलेले काम अनंत राजे यांनी पुढे नेले. राजे मूळचे मुंबईचे, ज. जी. कलाशाळेचेच विद्यार्थी, कान यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली होती. गुरूच्या भाषेत राहून स्वतःचे बोलणे अवघड असते. राजे यांनी प्रबंध विकास केंद्रासारख्या वास्तू रचून ते साधले.

जीर्णोद्धाराची कसोटी

उजेडाची ही घरे बांधणे कठीण होते. राखणे त्याहून कठीण ठरले. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाच्या दगडावर दीड शतकाचा धूर व खारा वारा साचला होता, रंगीत काचा मळल्या व तडकल्या होत्या. २०१३ ते २०१५ या काळात इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने त्यांचा जीर्णोद्धार झाला. काचा स्वच्छ झाल्या आणि वाचनकक्षातील मूळचा उजेड परत आला. २०१८ मध्ये हा परिसर मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

अहमदाबादची कथा इतकी सरळ नाही. उघड्या विटेत पाणी मुरले, आतील लोखंड गंजून फुगले, भिंतींना तडे गेले. २००१ च्या भूकंपाने त्यांत भर घातली. प्रबंध संस्थेच्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार वास्तुशिल्पी ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केला आणि त्याला २०१९ चा युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागीय पुरस्कार लाभला. राजाबाई टॉवरचे कामही याच कार्यालयाचे. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अठरांपैकी चौदा छात्रालये पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. जगभरातून निषेध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. तथापि २०२२ च्या अखेरीस पुनर्बांधणीचा विचार पुन्हा मांडला गेला. विद्यार्थ्यांची सुरक्षितता हा संस्थेचा मुद्दा क्षुल्लक नाही. भिंतीतून ढासळणाऱ्या विटेखाली कोणी सापडू नये, ही चिंता रास्तच आहे. दुसरीकडे, एकदा पाडलेली वास्तू हुबेहूब बांधली तरी ती मूळची राहत नाही, हेही तितकेच खरे.

जैन परंपरेत नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट सांगितले आहे. ज्या कस्तुरभाईंनी राणकपूरचा एकेक शिल्पखंड जपला, त्यांच्याच पुढाकाराने घडलेल्या विद्यावास्तूपुढे आज हा प्रश्न उभा आहे. 'पर्यावरणपूरक' या शब्दाची कसोटीही येथेच लागते. उभ्या इमारतीत तिच्या विटा भाजताना आणि सिमेंट तयार करताना खर्ची पडलेले इंधन आधीच साठलेले असते. ती पाडली की तो सारा खर्च वाया जातो आणि नव्याने करावा लागतो. दिवसाचा उजेड वापरून वीज वाचविणारी इमारत शंभर वर्षे टिकली, तरच तिची बचत खरी.

२००७ मध्ये केंद्र शासनाने ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. त्याच सुमारास 'गृह' ही देशी मानांकन पद्धती सुरू झाली आणि तिचे पहिले मानांकन कानपूरच्या आयआयटीतील पर्यावरणशास्त्र केंद्राच्या इमारतीस मिळाले. नियम आले, मोजमापे आली, हे इष्टच झाले. परंतु नियमाला दात्याच्या दृष्टीची जोड लागते. देणगी देताना कोनशिलेवरील नावाइतकीच खिडकीच्या दिशेची, ओसरीच्या खोलीची आणि पन्नास वर्षांनंतरच्या दुरुस्तीनिधीची चौकशी करणारा दाता विद्येचा खरा आश्रयदाता होय. समाजाच्या विश्वस्त संस्था वसतिगृहे, शाळा, वाचनालये बांधतात, तेव्हा हा विचार आराखड्याच्या पहिल्या कागदावरच व्हावयास हवा. भिंती उठल्यानंतर उजेडाला वाट करून देणे महाग पडते.

राजाबाईंना सूर्य दिसत नव्हता, अशी कथा आहे. त्यांच्या नावाच्या मनोऱ्याशेजारच्या कक्षात मात्र आजही रंगीत काचांतून दिवस उतरतो आणि उघड्या पुस्तकाच्या पानावर स्थिरावतो.